पंखावरचा लाल ठिपका

भोरात मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. अक्षरं बरी यायची, पण ओळ हमखास उजवीकडे वर चढायची. गिऱ्हाइकं पैसे देत, हा त्यांचा सज्जनपणा. एवढ्या भांडवलावर, दुसरी मोठी लढाई संपल्यावर, मी एका विमानाचा रंग ठरवायला बसलो.

विंझरकडच्या एका बाईंचा मुलगा ब्रह्मदेशात विमानात मागं बसून बंदूक चालवायचा. विमान जंगलात पडलं. हाती काहीच आलं नाही. घरच्यांनी त्याच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे कोरलेला छोटा पत्रा, देव्हाऱ्यात बसवला. शिमग्यात घरोघरचे वीर, म्हणजे लढाईत पडलेले पूर्वज, मिरवतात, त्यांत आता तोही निघणार होता. पण वीराच्या टाकावर घोडेस्वार असतो.

"माझं पोर जन्मात घोड्यावर बसलं न्हाई," बाई म्हणाल्या. "टाक ठेवायला विमान करा. त्याला वळखू यायला पायजे, न्हाईतर यायचा कसा?"

सुताराने हातभर विमान कोरून दिलं. रंगासाठी मी कचेरीच्या भिंतीवरचं लढाईचं चित्र बघून आलो. वर हिरवा नि मातकट, खाली राखी, पंखांवर निळं-पांढरं वर्तुळ आणि मधोमध लाल ठिपका. तो ठिपका मी सवाष्णीला कुंकू लावावं तसा जपून लावला, आणि स्वतःवरच खूश होऊन विंझरला गेलो.

बाईंकडे मार्गासनीचा एक गडी बसला होता, मुलाच्याच तुकडीतून परतलेला. त्याने विमान हातात घेतलं.

"पेंटर, हे कुणाचं?"

"आपलं की."

"विलायतेत असंल. ब्रह्मदेशात आमी लाल पुसून टाकला हुता. लाल गोळा जपान्याचा. त्यो दिसला की आपलेच तोफवाले नेम धरायचे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी घरी येताना त्याला आपलीच माणसं पाडतील?"

मी पिशवीतून पांढऱ्याचा डबा काढला. ओसरीवर बसूनच ठिपक्यावर पांढरा मारला. वाळला की खालून गुलाबी उगवायचा. पुन्हा मारला, पुन्हा उगवला. शेवटी चाकूने लाकडापर्यंत खरवडलं, तेव्हा कुठं पांढरा टिकला.

धुळवडीला वीर निघाले. बाईंच्या दिरांनी टाकासकट विमान दोन्ही हातांवर धरलं होतं. एका म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे गुलालाची मूठ उचलली, तशा बाई मधे शिरल्या आणि पंखांवर पदर पसरला.

"त्याच्यावर नगं, मामा. अजून उतरायचाय त्यो."

हलगी थांबली. एकेक जण मान वर करून आभाळाकडे बघू लागला. मीही बघत होतो, आणि मनात एकच धाकधूक, लाल नीट गेलाय ना.