बारीक चुऱ्याचा एक तास

चाकणच्या ज्या कंपनीत मी लेथ मशीन चालवतो, तिथं पिण्याच्या पाण्याच्या लाइनीला लागणारे पितळी बॉल व्हॉल्व्ह बनतात. पूर्वी त्या पितळात थोडं शिसं असायचं. शिसं असलं की पितळ सहज कापलं जातं, बारीक चुरा होऊन खाली पडतं. मग परदेशी गिऱ्हाइकानं बिनशिशाचा माल मागितला. शिसं पाण्यात उतरतं, लहान मुलांना बाधतं, असं आम्हाला बसवून सांगितलं. पटलंही. पण हे नवं पितळ फार चिवट. त्याची लांबच लांब तार निघते आणि टूलला गुंडाळते. सारखं मशीन थांबवायचं, हुकानं तार ओढायची, पुन्हा सुरू करायचं. पन्नाशी उलटलेल्या खांद्यांना ते झेपत नाही. थेरगावला घरी पोचलो की मी आधी भिंतीला टेकून बसतो. बायको गरम पाण्याची पिशवी आणून देते.

त्या दिवशी पहिली शिफ्ट होती. दहाच्या चहानंतर पितळाचा नवा रॉड लावला आणि मशीन सुरळीत चालू लागलं. तार नाही, थांबणं नाही. मी स्टूलवर बसलो. कितीतरी महिन्यांनी असा बसलो असेन. खाली ट्रेमध्ये बारीक चुरा साचत होता. खोटं कशाला सांगू, मला लगेच कळलं होतं. तरी तासभर बसून राहिलो.

पेटी भरली. तिच्यावर पिण्याच्या पाण्याचं लेबल लावायचं होतं, तेव्हा मात्र हात पुढं होईना. सुपरवायझरला बोलावलं. वयानं माझ्या मुलाएवढा.

"साहेब, हा रॉड शिशाचा आहे."

"काका, टोकाला हिरवा रंग आहे की. बिनशिशाचाच असणार."

"रंग कुणी चुकून मारला असेल. हा चुरा बघा."

तपासलं, तर शिसं निघालं. सकाळपासूनच्या सगळ्या पेट्या परत आणल्या. एकेक व्हॉल्व्ह तपासून वेगळा काढायचा होता, त्यामुळं आमच्या शिफ्टला थांबवून घेतलं.

शेजारच्या मशीनवर माझा जुना जोडीदार होता, देहूरोडचा. आम्ही रोज डबा एकत्र खायचो. तो मान वर न करता म्हणाला, "काय गरज होती राव? आज पोरीला बघायला पाहुणे यायचेत."

मी पुढची पेटी ओढली. आम्ही सुटलो तेव्हा पाहुणे चहा घेऊन गेले होते.

चार दिवस तो दुसरीकडं जेवला. पाचव्या दिवशी डबा घेऊन समोर बसला.

"माझ्या मशीनवर पण चुरा पडत होता," तो म्हणाला. "मी तुझ्या आधी बघितला."

"मग?"

"बरं वाटत होतं. हात दुखत नव्हता."

"मीही तासभर गप्पच होतो," मी म्हणालो.

त्यानं नुसती मान हलवली आणि अंड्याची भाजी माझ्याकडं सरकवली. पाहुणे रविवारी परत येणार होते.

कंपनीनं रॉडच्या रॅकला कुलूप लावलं. मला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी रागावलंही नाही. पॅकिंगला बदली मिळावी म्हणून मी अर्ज दिला. बघू म्हणाले. अजून बघतायत.