सात नावांची हजेरी

भंडाऱ्याच्या कचेरीत, साहेबांसमोर, शपथेवर मी खोटं बोललो. एकच शब्द बोललो, ‘नाही.’ हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या शब्दाने एक माणूस बुडाला. उरकुडा त्याचं नाव. मला लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल. माझ्याबद्दल लिहावं असं फारसं काही नाही.

आणीबाणीच्या बऱ्याच आधीची गोष्ट. वरठीजवळच्या सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात मी टाइमबाबू म्हणून लागलो. सकाळी फाटकाशी उभं राहून नावं पुकारायची आणि मस्टरवर खूण करायची, एवढंच काम. पहिल्याच आठवड्यात मी ‘मनिराम’ म्हणून पुकारलं. नाकातून, जरा अडखळत ‘हाऽजर’ आलं आणि अख्खी रांग हसली. मान वर केली तर समोर मनिराम नव्हताच. उंच, काटकुळा, भुवयांवर पांढरी लव चढलेला दुसराच माणूस उभा होता.

“मनिराम रोवण्यावर गेला जी, बाबूजी. त्याच्या नावावर मी आहो. आवाज बराबर जमला का?”

ही आमच्याकडची रीतच होती. कायम कामगार बहुतेक मोहाडी-आंधळगावकडचे धानवाले. रोवणी, कापणी, चुरणी आली की ते शेतावर जात आणि आपल्या नावावर दुसऱ्याला पाठवत. नोकरीही टिके, धानही घरात येई. उरकुडाला शेत नव्हतं, म्हणून तो सात जणांच्या नावावर येई. ते सातही पोती फोडायच्या खात्यातले. हंगाम नसला तरी त्यांतला कोणी ना कोणी त्या खात्यातून पळ काढायला टपलेलाच असे. पत्र्यात सिमेंटबरोबर घालतात ते अ‍ॅस्बेस्टॉस पोत्यांतून येई. त्याला सगळे कापूस म्हणत. पोतं सुरीने फाडायचं, उपडं करायचं, हातांनी पिंजायचं. त्या खोलीत समोरचा माणूस दिसत नसे. मस्टरवर खूण करताना मला सगळं माहीत असे. काम अडलं नाही की मॅनेजर खूश, आणि मॅनेजर खूश तर मीही खूश.

आंधळगावच्या दंडारीत उरकुडा सोंगं घेई. राजा तोच, ठाणेदार तोच, आणि राणीही तोच. ती हौस तो फाटकावर भागवी. ज्याच्या नावावर आला त्याच्याच आवाजात ‘हाजर’. सातही जणांचे सात आवाज, आणि एकात दुसऱ्याची भेसळ नाही. मी एकदा म्हटलं, “अरे, स्वतःच्या आवाजात कधी हाजर म्हणशील?”

“माह्या आवाजाचा माणूस अजून भरतीच झाला नाही, बाबूजी.”

पुढे हे त्याचं ठेवणीतलं वाक्य झालं. पोरगी शाळेत जाते का, गावात घर बांधलं का, काहीही विचारा, तो म्हणे, “माह्या आवाजाचा माणूस भरती होऊ द्या, मंग पाहू.” दरवर्षी मी त्याला सांगे, औंदा तुझं नाव पुढे करतो. केलं नाही. बिननावाचा उरकुडाच सोयीचा होता.

दहा-बारा वर्षांनी त्याच्या सोंगांतली राणी आधी गेली. दंडारीतलं तिचं लांब गाणं त्याला एका दमात होईना. मग तो सायकल हातात धरून चालत येऊ लागला.

“काहून रे, पंक्चर झाली का?”

“सायकल धडधाकट आहे जी. पंक्चर मी झालो.”

कारखान्याच्या डॉक्टरने कागदावर क्षय लिहिला, बिडीमुळे. उरकुडाने उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती. “बिड्या माही बायको वळते, डाक्टरसायब,” तो म्हणाला, “मी फकत तिच्या बाजूले बसतो.” डॉक्टर हसले, पण कागद बदलला नाही. शेवटी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि विचारलं, काम कसलं करता? छातीत तो कापूसच बसला होता. औषध नव्हतं. पण कामामुळे झालेल्या रोगाची भरपाई मिळते, अर्ज करा, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

ती चिठ्ठी घेऊन उरकुडा बायकोबरोबर, सगुणाबाईबरोबर, माझ्या घरी आला. ओसरीच्या तीन पायऱ्या चढायला त्याला दोनदा बसावं लागलं.

“मी काही आता जगत नाही, थे मले समजलं. सगुणाले अन् पोरीले काही भेटलं पाहिजे. तुम्ही फकत सांगजा, हा येत होता म्हणून. बाकी वकीलसायब पाहून घेईन.”

मी हो म्हटलं. सगुणाबाई माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

अर्जाची बातमी कारखान्यात पोचली, आणि चार दिवसांनी मॅनेजरने बोलावलं. “सात जणांची खोटी हजेरी कोणी लावली?” त्याने शांतपणे विचारलं. “त्यांच्या नोकऱ्या जातील. तुझी त्यांच्या आधी. फौजदारी होईल ती वेगळी.” माझी तीन मुलं शाळेत होती. हे मी कारण म्हणून लिहीत नाही, तेव्हा मनात आलं ते लिहितो. ते सात जण तर उरकुडा रस्त्यात दिसला की पानठेल्यामागे वळत.

भंडाऱ्याच्या कचेरीत अर्जाच्या सुनावणीला कारखान्याच्या वकिलाने सगळी मस्टरं मांडली. साहेबांनी चाळून पाहिली. “तुमच्या नावाची एकही हजेरी यात नाही.”

“माह्या नावानं नाई जी. सात जणांच्या नावानं आहे. ऐकवू का?”

साहेब काही म्हणायच्या आत त्याने समोरचा लाकडी कठडा धरला, खाकरला आणि पुकारलं, “मनिराऽम!” तो आवाज माझा होता. माझं खाकरणं, शेवटचं अक्षर ओढायची माझी खोड, सगळं तसंच. मग मनिरामचं नाकातलं ‘हाऽजर’. मग पुन्हा मी, मग दुसरा. लोक हसले. तिसऱ्याला हसणं थांबलं. चौथ्या नावाला त्याचा दम तुटला. पाचव्याला नुसते ओठ हलले. सगुणाबाई उठून त्याची पाठ चोळू लागली.

साहेब माझ्याकडे वळले. “टाइमकीपर तुम्हीच ना? हे आवाज फाटकावर ऐकलेत कधी?”

उरकुडा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. दंडारीत आपलं बोलणं संपल्यावर समोरच्याच्या बोलण्याची वाट बघतात, तसा उभा होता.

“नाही,” मी म्हणालो.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर कडुनिंबाखाली तो बसला होता, सगुणाबाई पदराने वारा घालत होती. कचेरीच्या फाटकाकडे जायला दुसरी वाट नव्हती. मी खाली बघून निघालो, तेव्हा त्याने हाक मारली. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

“बाबूजी,” त्याने एकेक शब्द गोळा करत विचारलं, “तुमचा आवाज... बराबर जमला होता का?”

मी मान हलवली. हो. त्या दिवशी मी खरं बोललो ते एवढंच, आणि तेही तोंडाने नाही.

त्या साली धान घरात यायच्या आत उरकुडा गेला. मी मयतीला गेलो नाही. पुढच्या वर्षी मला हेडक्लार्क केलं. सगुणाबाई पोरीला घेऊन बपेऱ्याला भावाकडे राहते. रोज संध्याकाळी त्याचे कपडे अंगणात झटकून धुणारी तीच. आता तीही खोकते, असं कानावर आलं आहे.

गेल्या महिन्यात त्याचा वकील बसस्टँडवर भेटला. म्हणाला, टाइमबाबूने लिहून दिलं तर अर्ज पुन्हा उभा करून बघता येईल. मी चहाचे पैसे देऊन निघून आलो.

टाइमबाबू मीच. उरकुडा बारा वर्षं हजर होता, एवढं त्याच कचेरीत, शपथेवर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.