तपासणीच्या दिवशी भोंगा झाला

मी मास्तर झालो तो ज्ञानदानासाठी नव्हे, झोपेसाठी.

बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात मी इंजिनिअर होतो. पाळ्या बदलून बदलून जीव मेटाकुटीला आला होता. बढती दरवर्षी दुसऱ्याच कुणाला तरी व्हायची आणि पगार घरी पोचेपर्यंतच दमायचा. अशात चामराजपेटेतल्या मराठी शाळेचे चेअरमन अण्णा घरी आले. त्यांच्या तीन पिढ्या इथल्याच.

"राव, स्वल्प ऐका. गणिताला मास्तर मिळेना झालाय. तुम्ही या! दिवसाची नोकरी, मान, मे महिन्याची सुट्टी!"

"आणि पगार?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"तो थोडा कमी आहे, अक्का."

(थोडा! जवळजवळ निम्मा होता!)

पण मी थकलो होतो हो, खरंच थकलो होतो. राजीनामा दिला, कारखान्याचं क्वार्टर सोडलं. मग अण्णांनी हळूच सांगितलं, की तपासनीससाहेब पाठ बघून पसंत करतील, तेव्हाच नोकरी कायम!

"आणि नाही केलं पसंत तर?" हिनं विचारलं.

"तर तुझ्या माहेरी जाऊ."

"मी जाईन. तुम्हाला कोण घेतंय तिथं?"

तपासणीचा दिवस उजाडला. माझा तास सकाळचा, पण साहेब आधी अण्णांकडे जेवले आणि जेवून आडवे झाले (होळीगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या होत्या, त्यांचा काय दोष!). तास दुपारवर गेला. हिला घरी चैन पडेना, म्हणून ती येऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिली.

मी त्रैराशिक छान रंगात आणलं होतं. साहेब मान डोलावत होते. इतक्यात शेजारच्या कापडगिरणीचा पाळी सुटल्याचा भोंगा झाला!

माझ्या हातातला खडू गळून पडला. वाक्य अर्धं टाकून मी बाहेर पडलो, नळावर हात धुतले आणि तडक फाटक गाठून दोन्ही हात वर केले. कारखान्यात रोज असंच सुटायचो आम्ही. कुणी खिळा-स्क्रू पळवू नये म्हणून पहारेकरी खिसे चाचपायचा. इथं पहारेकऱ्याच्या जागी ही उभी.

"अहो, हे काय?"

"आटप, आटप! तपास लवकर, बस चुकेल!"

"लोक बघतायत! हात खाली घ्या आधी!"

मी भानावर येऊन मागं पाहिलं. मास्तर करतील तसं करा, असं मीच रोज बजावलं होतं. अख्खा वर्ग हात धुऊन, सरळ रांगेत, हात वर करून माझ्यामागं उभा! आणि रांगेच्या शेवटी साहेब. गेली नोकरी, म्हटलं.

"वा!" साहेब म्हणाले. "तोंडानं एक शब्द नाही, नुसत्या भोंग्यावर! ही कवायत कुणी बसवली?"

"यांनीच, साहेब!" साहेबांमागून आलेल्या अण्णांनी क्षणही दवडला नाही.

"गणिताला दुसरा माणूस बघा. यांना कवायतीला कायम करा."

"सरी, सरी! तसंच करतो!" अण्णा म्हणाले.

घरी येऊन हिनं देवापुढं साखर ठेवली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त हसली. मी मात्र निवृत्त होईपर्यंत रोज उन्हात ओरडत राहिलो, "गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा!" मुलं पटापट धरायची. माझे अंगठे मात्र मला तेव्हाही पोटाआडून दिसत नव्हते!