डाव्या बुटाची टाच

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पाणी आणायचं.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. आमच्या मुकुंदवाडीत नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, टँकर आला तर आला. चिकलठाण्याच्या बाजूला एका कंपनीनं गेटबाहेर बोअरचा नळ काढून दिला होता, सकाळी सहा ते आठ. मी सायकलीच्या हँडलला दोन कॅन अडकवायचो, मागं कॅरियरवर माझी बायको कौसल्या, तिच्या मांडीवर कळशी. दोघं साठीच्या पुढं. डबलसीट बघून लोक हसायचे. हसू द्या.

परत येताना नाल्यापाशी एक चढ लागतो. तिथं ती उतरायची, मी उभं राहून पायडल मारत वर जायचो, वर गेलो की ती परत बसायची. लगीन झाल्यापासून जो चढ आला तो असाच चढलो आम्ही. त्या दिवशी चढ आला आणि ती उतरेना.

"अहो, आज ऱ्हाऊ द्या. गुडघा लई ठणकतोय."

"मग मी काय बैल हाय का? उतर."

"बैल बरा. बैल उलट बोलत नाय," म्हणाली आणि उतरली.

वर जाऊन थांबलो. ती आली, भरलेली कळशी कमरेवर. मी म्हणलं, बस. तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. घर आलंच की." घर कुठलं आलं होतं, चांगलं अर्धा मैल होतं. पण मला राग आला होता, कशाचा ते आता सांगता येत नाय. मी सायकलवर पुढं आणि ती मागून चालत. कळशी तरी मी घ्यायला पाहिजे होती. दुपारी भाकरी झाल्यावर जरा अंग टाकते म्हणाली ती उठलीच नाय. डॉक्टर म्हणाले हार्ट.

हे आधी सांगून टाकलं, कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाय.

तुमच्या पेपरातलं हे अनुभवांचं पान मी कटिंगच्या दुकानात वाचतो. वाचून हसतो, खोटं कशाला बोलू. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या दाराची कडी वाजते... मी चौथी शिकलेला माणूस, पण असल्या गोष्टींवर माझा कधी इस्वास नव्हता. आम्ही बौद्ध. धर्मांतर झालं तेव्हा माझ्या बापानं घरातले टोपलीभर देव पैठणला नेऊन गोदावरीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात देव नाय आणि भूत पण नाय. कौसल्या गेली तेव्हा भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले. शेजारच्यांच्यात पिंडाला कावळा शिवला की त्यांचा जीव निवांत होतो, गेलेल्याचं काय राहिलं नाय म्हणतात. आमच्यात ती सोय नाय. माझं राहिलं होतं. ती त्या चढाच्या वर परत बसली नव्हती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. बाकी रडणं-बिडणं सगळं झालं, पण तेवढं निघेना.

आता बुटाचं सांगतो.

ती गेल्यावर तीनेक महिन्यांनी मी कापडी बूट घेतले, करड्या रंगाचे. पायडलचे रबर गेले होते, चपलेनं पाय घसरायचा आणि पाण्याचे कॅन घेऊन पडायचं वय राहिलं नाय. हे बूट फक्त सायकलीचे. घरी आलो की काढून दाराशी ठेवायचे, बाकी सगळीकडं चप्पल. हे बूट कौसल्यानं बघितले पण नव्हते, ध्यानात ठेवा.

महिना झाला नसंल, डाव्या बुटाची टाच झिजली. खालून नाय... मागून, बाहेरच्या अंगानं. कापड विरलं, धागे दिसायला लागले. रुपयाएवढा डाग. उजवा बूट कोरा करकरीत.

मी कंपनीत अठ्ठावीस वर्सं मेंटेनन्सला काढली. फिटरच्या हाताखाली लागलो, फिटर होऊन निघालो. शिक्षण नव्हतं पण झीज वाचता यायची. बेअरिंग हातात घेतलं की कळायचं, शाफ्ट कुठं वाकलाय. घासल्याशिवाय काय झिजत नाय, आणि घासायला दुसरी वस्तू लागते. तेव्हा मी सायकल उलटी केली आणि बसलो शोधत.

स्टँड बघितला, क्रँक बघितली, मडगार्डची तार बघितली. सगळं जागेवर. मग डोक्यात उजेड पडला. सायकलीचं काय पण लागलं तर बुटाच्या आतल्या अंगाला लागंल. सायकल दोन पायांच्या मधे असती. बाहेरच्या अंगाला काय आहे? हवा आहे. हवेनं कापड झिजतं का?

चालण्यात झिजत असंल म्हणून आठ दिवस सायकल बंद ठेवली आणि तेच बूट घालून पायी हिंडलो. डाग वाढला नाय. परत सायकल काढली, चार दिवसांत आतलं अस्तर दिसलं.

मग गेलो मोच्याकडं. जालना रोडला नवीन मोठी बिल्डिंग झालीय, तिच्या कोपऱ्यावर रशीदभाई बसतो. नवीनच आला होता, त्याला माझं घरचं काय ठाऊक नव्हतं. त्यानं बूट उलटा-पालटा केला, टाचेवर अंगठा फिरवला.

"क्या चाचा, किसको लातां मारते फिरते?"

"मीच तुला इचारायला आलोय. कशानं झिजलं सांग."

"सायकल चलाते ना?"

"व्हय."

"फिर सीधी बात है. डबलसीट." त्यानं माझ्याकडं बघून दात काढले. "चाची पीछे एक तरफ पैर छोड के बैठती, तुम्हारी एडी उसकी चप्पल को लगती. मेरे अब्बा के पास ऐसे बूट लई आते थे, अब सबके पास गाडी है. चाची को बोलो, पाय जरा पीछे लेके बैठना."

मी सांगतो म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

तिथल्या फळीवर मी बसून राहिलो. खरं होतं ते. कौसल्या दोन्ही पाय डावीकडं सोडून बसायची आणि माझी टाच मागं आली की तिच्या उजव्या पायाला लागायची. दर फेरीला तेच भांडण. "अहो, टाच आत घ्या की! करंगळी सोलून निघाली माझी." मी म्हणायचो, तूच पाय मागं घे, पायडल मी मारतोय. तिच्या त्या करंगळीला घट्टा पडला होता. माझे कंपनीत जायचे जुने बूट सगळे इथंच झिजायचे... तेव्हा कधी इचार केला नाय, कारण का झिजतात ते माहीत होतं.

रशीदभाईनं डागावर म्हशीच्या कातड्याचं काळं ठिगळ मारलं. "अब दस साल देखना नको."

तुम्हाला वाटंल मला भीती वाटली. भीती कशाची? चाळीसेक वर्सं मागं बसलेली बाई. मला वाटलं ते निराळंच. कंपनीत फॉल्ट सापडला नाय की मला जेवण जात नसे. या वेळी पहिल्यांदा वाटलं, सापडू नये. मडगार्डची एखादी तार निघाली तर काय करू? सायकल तर हलकीच लागत होती. सुटताना मी अंग सावरून धरायचो, ती उडी मारून बसली की जो हिसका बसतो तो आता बसंल म्हणून. नाय बसला कधी. कॅरियर आपलं रिकामं खडखड करायचं.

पण न तपासता गप बसणं माझ्या हाताला जमत नाय. मशिनमधे कुठं काय लागतंय ते बघायला आम्ही निळा रंग लावायचो. जिथून रंग पुसला गेला तिथं लागतंय. माझ्याकडं तंबाखूच्या चुन्याची डबी होती. रविवारी पाणी भरून झाल्यावर नळाजवळच मी काळ्या ठिगळावर चुना लावला, पातळ, सारखा, आणि वाळू दिला. मग निघालो.

नाल्याच्या अलीकडं चढाच्या पायथ्याला उतरून बघितलं. चुना मधोमध पुसला गेला होता. कातडं चमकत होतं.

परत लावला. वाळला. चढ चढलो, उभं राहून. वर गेल्यावर बघितलं, चुना जसाच्या तसा. बोटाची रेघ पण मोडली नव्हती.

मी तिथं थांबलो. थोडा वेळ नाय, बराच वेळ थांबलो. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. मग तसाच निघालो, नवीन चुना लावला नाय, आहे तोच ठेवला. घराशी येऊन स्टँड लावला, बूट काढला.

पुसला गेला होता.

चढाच्या आधी लागलं. चढावर नाय लागलं. चढ संपल्यावर परत लागलं... मी बूट मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलो आणि मला काय झालं ते लिहीत नाय.

संध्याकाळी मुलगी आली. संगीता, सिडकोत राहते, दवाखान्यात सिस्टर आहे. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड उतरत गेलं.

"बाबा, आपल्यात हे मानतात का?"

"मी कुठं मानतो म्हणलो? टाच झिजली हे खरं का नाय?"

"चढावर तुम्ही उभे राहता. पाय वेगळा पडतो. म्हणून तिथं लागत नसंल."

"बरं. आणि सपाटीला लागतं ते कशाला लागतं?"

तिनं सायकलीचं कॅरियर हातानं हलवून बघितलं.

"सांग की. तू शिकलेली हायेस."

"मला नाय माहीत बाबा. पण तुम्ही हे लोकांना सांगत फिरू नका. आजोबांनी देव सोडले आणि तुम्ही..." कॅरियरवरचा हात तिनं काढून घेतला. "आणि मला पण आई पाहिजे का नाय? माझ्या गाडीवर येऊन बसली का ती कधी?"

ते मला लागलं. खरंच, तिच्या वाट्याला तर चुन्याएवढं पण आलं नव्हतं. मी तिला बूट दिला हातात. तिनं घेतला, टाचेवरून हात फिरवला तसा तिनं झटकन बोट तोंडात घातलं.

"केवढी धार हाय ह्या कातड्याला! कुणाला लागलं तर रक्त काढंल."

ती जेवून गेली. मला घास गेला नाय.

आता तुम्ही इचाराल, याचा अर्थ काय. मला ठाऊक नाय. सायकलीत दोष नाय, रस्त्यात नाय, माझ्या चालण्यात नाय. कंपनीत असतो तर कारण सापडलं नाय असं लिहून दिलं असतं, तसंच इथं लिहून देतो. कुणाला हवेनं कापड कसं झिजतं ते माहीत असंल तर त्यानं लिहावं. मी वाचीन. पण घाई नाय मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला गेलो नाय. कपाटातून माझा जुना लोकरीचा स्वेटर काढला, बाही कापली, तिची दुहेरी घडी केली आणि पायीच रशीदभाईकडं गेलो. तो नुकताच पेटी उघडत होता.

"हे ठिगळ काढ."

"क्यूं चाचा? चुभता क्या?"

"मला नाय चुभत. काढ. आणि त्या जागी हे लाव."

त्यानं लोकर दाबून बघितली. "हौ, नरम है. अंदर से लगाता."

"बाहेरून."

"बाहर से?" तो हसायलाच लागला. "नरम चीज अंदर लगाते चाचा, पैर के वास्ते. बाहर से लगाया तो बूट को क्या फायदा? आठ दिन में फटेगी."

"फाटली की परत येईन. अजून एक बाही हाय."

त्यानं बूट बघितला, मग मला बघितलं. हसायचं थांबला.

"चाची ने बोला क्या?"

"व्हय," मी म्हणलं. "लगीन झाल्यापासून बोलतीय. मी आत्ता ऐकलं."

त्यानं बूट मांडीवर घेतला. रापी घेतली आणि ठिगळाचा पहिला टाका कापला.