सूरतला गेलेला माणूस

ठाण्यातून फोन आला तेव्हा मी अंगणात सोयाबीन चाळत होतो. पलीकडचा म्हणाला, तुमच्या नावावर बऱ्हाणपूरच्या कोर्टाचं जुनं अटक वारंट आहे, येऊन जा. असे फोन भामटे करतात हे आता आमच्या मोताळ्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मी म्हणालो, "काऊन बे, आज मीच सापडलो का तुले?" आणि फोन कापला. हा पराक्रम घरात दोनदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज दारात उभा, खाकी कपड्यांत. मी ओळखपत्र मागितलं, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं.

"काका, आता वारंटबी उजेडात पाहता काय?" शिपाई म्हणाला.

वारंटही खरं निघालं. बावीस वर्षांपूर्वी मित्राच्या मोटरसायकलवर बऱ्हाणपूरला गेलो होतो आणि भरबाजारात केळीच्या हातगाडीवर आदळलो. गाडीवाल्याच्या हाताला लागलं. ठाण्यात सह्या केल्या, जामीन झाला, घरी आलो. मला वाटलं, मिटलं.

बायकोचा ना केळीवर विश्वास बसला ना हातगाडीवर. "केळं तं इथंबी भेटतात," ती म्हणाली. "बऱ्हाणपूरले कोन होतं?" कोणी नव्हतं म्हटलं, तर ती नुसतं "हाव" म्हणाली. एवढा संशय एका होकारात मावतो हे मला तेव्हा कळलं.

शिपायाने आठ दिवस दिले. स्वतःहून वकील घेऊन कोर्टात जा, नाहीतर मला न्यावं लागेल, म्हणाला. बायको सोबत आली. कोर्ट पाहायचंय म्हणे.

तिथल्या वकिलाने जुनी फाईल काढली. पहिल्या समन्सवर शेरा होता: इसम घर सोडून सूरतला गेला, पत्ता माहीत नाही, असे आईने सांगितले. त्या एका ओळीवर मी बावीस वर्षं फरार होतो, आणि राहत होतो घरीच.

ती दुपार मला लख्ख आठवली. साधा शर्ट, बगलेत पिशवी, असा अनोळखी माणूस दारात येऊन माझं पूर्ण नाव विचारत होता. आमच्याकडे पूर्ण नाव फक्त विमा एजंट विचारतो. मी आत खाटेवर शेंगा खात बसलो होतो. आईला खुणेने बोलावून कुजबुजलो, सांग, सूरतले गेला. आईने सांगितलं. वर पदराने डोळेही पुसले.

वकील म्हणाला, सगळं आईवर घाला. त्या आता हयात नाहीत, कोण विचारायला जातं? मुद्दाम चुकवलं असं वाटलं तर आज इथूनच जेलात जाल. त्याचं बोलणं इतकं सोयीचं होतं की मला त्याचाही संशय आला.

जज मॅडमनी फाईल चाळून विचारलं, "सूरत की बात किसने कही थी?"

वकील खाकरला. उत्तर तयार होतं माझं. पण आई जन्मात एकदा खोटं बोलली असेल, तेही मला शेंगा टाकून उठवत नव्हतं म्हणून.

"मैंने कहलवाया, मॅडम. मैं अंदर खाट पे था. बीमावाला समझा."

त्यांनी चष्मा काढला. "बाईस साल से?"

"नहीं मॅडम, खाट पे उसी दिन."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. खरमरीत बोलल्या. मी गुन्हा कबूल केला, दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत कोपऱ्यात बसायची शिक्षा भोगली. वारंट रद्द झालं.

परतीच्या बसमध्ये बायकोने तिकिटं पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "बाईसाठी मानूस याहून बरं खोटं रचते. तुमचं खरंच असन."

मला मात्र कागदांचा भरवसा येईना. रद्द झाल्याचा हुकूम ठाण्यात पोचला का, हे विचारायला दर सोमवारी शिक्क्याची नक्कल घेऊन जाऊ लागलो. चौथ्या सोमवारी शिपायाने हात जोडले.

"काका, तुमचं नाव कवाचंच निंघालं. आता येत नका जाऊ. लोकं इचारून राह्यले, ह्या मानसाची हजेरी कायच्यासाठी लावली म्हनून."

बरं म्हणालो. मग त्याच्या खुर्चीमागे जाऊन, रजिस्टरमधून नाव निघालेलं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.