झिंग्यांचं बाळंतपण

"ते मडकं दाराबाहेर ठेव. आणि तूसुद्धा तिथंच उभा राहा!" आई उंबरठ्यातूनच ओरडली.

मडक्यात झिंगे होते. चिखलदऱ्याच्या खालच्या ओढ्यातले, नखाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे. एस.टी.त मडकं मांडीवर धरून मी अमरावतीपर्यंत आलो होतो. धोतर भिजलेलं, कंबर मोडलेली. आणि घर भिक्षुकाचं. अप्पा सकाळी पूजा सांगायला बाहेर पडत ते दुपारी येत. अशा घरातला पोरगा झूलॉजीत डेमॉन्स्ट्रेटर झाला, हेच आईनं कसंबसं गिळलं होतं. बेडूक कापतो म्हणून कॉलेजातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ती मला माठाला हात लावू देत नसे. त्यात आता हे.

"आई, खायला नाही आणले. पाळायला आणलेत."

"गाय पाळतात, पोपट पाळतात. हा झिंगे पाळून राहिला! काहून असा वैऱ्यासारखा वागतोस रे?"

शेवटी अप्पांनी मिटवलं. "ओसरीच्या कोपऱ्यात ठेव. मधे पडदा बांध. आणि कोणी विचारलं तर शोभेचे मासे म्हण."

घरी आणायची मला हौस नव्हती. कॉलेजची लॅब पत्र्याची. एप्रिलात तिथं टेबलावर हात टेकवत नसे, झिंगे काय जगणार? आणि मला ते जिवंत हवे होते. आमचे हेड स्पष्ट बोलणारे होते.

"जोशी, तुम्ही टेम्पररी आहात. रिसर्चला नाव रजिस्टर झालं तर पर्मनंटचं बघता येईल. नाहीतर जून महिन्यात दुसरा माणूस."

"कामाला सुरुवात केली आहे, सर."

"सुरुवात मला नका दाखवू. नागपूरचे गाइड येताहेत, त्यांना दाखवा. या उन्हाळ्यानंतर ते रिटायर होतात. मग तुम्हाला कोण घेणार?"

माझा विषय साधा होता. या जातीची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखालच्या पायांमध्ये धरून ठेवते आणि त्या पायांनी त्यांना सारखा वारा घालते. पिल्लू बाहेर पडतं ते थेट आईसारखंच, फक्त टाचणीच्या टोकाएवढं. हे सगळं टाकीत घडताना दाखवायचं. मेलेल्या झिंग्यांवर हे काम होत नाही. फॉर्मलिनच्या बाटलीत कोणी बाळंत होत नसतं.

पण हा प्राणी म्हणजे नुसती नाजूक प्रकृती. मासा चार चुका माफ करतो, झिंगा एकही करत नाही. तो वाढतो तसं अंगावरचं कवच टाकतो, सापानं कात टाकावी तसं. नवं कवच घट्ट होईपर्यंत अगदी मऊ असतो. त्या वेळी पाणी जरा बिघडलं की संपला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर, म्हणून ते बाद. मी सखाराम माळ्याच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी सायकलवर आणत असे.

सखाराम पोट धरून हसायचा. "मास्तर, आमी त झिंगे खातो, अन् तुमी त्याईले पाणी पाजून राह्यले! न्या, न्या. विहीर काही आटत नाही तुमच्या झिंग्यानं."

ते पाणी मातीच्या रांजणात मुरवायचं, मग टाकीत थोडं थोडं घालायचं. टाकीभोवती वाळ्याचा ओला पडदा. हवेसाठी सायकलची ट्यूब पंपानं फुगवून तिला बारीक रबरी नळी जोडलेली. बुडबुडे थांबले की पुन्हा पंप मारायचा. इतकं करूनही पहिल्या आठवड्यात निम्मे गेले. सकाळी उठलो की आधी मेलेले काढायचे, मग चहा. जेवण जात नव्हतं. वाटायचं, सोडून द्यावं सगळं, कुठंतरी कारकून व्हावं.

मग हळूहळू पाण्याला हिरवट झाक आली, काचेवर शेवाळ धरलं आणि मरणं थांबली. शेवाळ म्हणजे झिंग्यांचं जेवण. वर मी उकडलेल्या पालकाचं पान टाकत असे. चार माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसू लागली.

याच सुमारास आई पडद्याआडून डोकावू लागली. आधी लांबून. मग पाट घेऊन. एकदा तिनं मला हाक मारली.

"अरे, हे तर पालक खातात! चिमटीत धरून, घास घास."

"शेवाळ आणि पालाच खातात, आई."

"म्हणजे माळकरी आहेत बिचारे! आणि मी मेली काय काय बोलले." तिचे डोळे खरंच भरून आले. "आणि ही मोठी? हिच्या पोटाखाली काय?"

"अंडी. महिनाभर अशीच सांभाळते."

"पोटुशी आहे होय! सांगायचं नाहीस का मला?"

तेव्हापासून मधला पडदा गेला. शेजारच्या बायकांना ती चौघींची नावं सांगू लागली. माझ्या बहिणीचं बाळंतपण सासरी झालं होतं, ते आईच्या मनाला फार लागलेलं. ती हौस आता टाकीवर निघत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या उन्हाळ्यात तेवढंच एक बरं वाटलं.

अंड्यांमध्ये पिल्लांच्या डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले. म्हणजे आज-उद्या फुटणार. नेमका त्याच दिवशी गाइडसाहेबांचा मुक्काम ठरला. मी सकाळीच टांगा करून बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेलो. गाडी लेट. साहेब उतरले ते दुपारी. घामाघूम, पण खुशीत. टांग्यात म्हणाले, "टाकीत हॅच होताना मी स्वतः कधी पाहिलं नाही. जमलं असेल तर तुमचं नाव मीच रजिस्टर करून जातो."

घरी आलो. ओसरी सारवलेली, रांगोळी काढलेली. आई हसत पुढं आली. आणि मला टाकी दिसली. पाणी इतकं नितळ की मागची भिंत दिसत होती.

झिंगे तळाशी आडवे पडले होते. आरपार दिसणारी अंगं उकडल्यासारखी पांढरी. मोठी मादी तेवढी हलत होती. पोटाखालचे पाय अजून अंड्यांना वारा घालत होते. आमच्या डोळ्यांदेखत तेही थांबले.

"पाणी कोणी बदललं?"

"मी," आई म्हणाली. "पाहुणे यायचे, पोरी बाळंतपणाला टेकलेल्या, आणि ते हिरवं शिळं पाणी? सगळं उपसलं. अप्पांच्या पूजेची तांब्याची घागर आहे ना, रात्रभर भरून ठेवली होती, ती ओतली. पहिलटकरणीला चांगलं पाणी द्यावं."

रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्यात तांबं उतरतं. अगदी कणभर. माणसाला ते बाधत नाही, उलट लोक गुणकारी म्हणून पितात. कवचवाल्या जिवांना तेवढं पुरतं. शेतात मारतात तो मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि लॅबच्या हौदातल्या गोगलगायी आम्ही त्यानंच मारत होतो. आईला कोण सांगणार होतं? जी सुरुवातीला पडद्यापलीकडे पाऊल टाकत नव्हती, तिच्या घागरीचा विचार कोणाच्या डोक्यात येणार?

गाइडसाहेबांना घागर ऐकताच कळलं. ते हळू म्हणाले, "पुन्हा आणता येतील?"

"ओढा आटला, सर. आता पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर मी नाही," ते म्हणाले. आईनं केलेलं पन्हं त्यांनी नीट संपवलं, तिला नमस्कार केला आणि गेले. माणूस चांगला होता, त्याचाही मला त्या वेळी राग आला.

आई टाकीशी बसून राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "उन्हानं गेल्या का रे?"

मी हो म्हणालो.

"पाणी कमी पडलं असेल. मी एकच घागर घातली. दोन घालायला पाहिजे होत्या." आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

जूनमध्ये माझ्या जागी दुसरा माणूस आला. मी अकोल्याच्या एका शाळेत सायन्स शिकवू लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. आई गेली तोवर तिला हेच माहीत होतं की त्या वर्षी ऊन फार होतं.

आता घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आहेत, आणि झिंगे पाळणारी मंडळी कधीकधी सल्ला विचारायला येतात. मी सांगतो, तांब्याचं भांडं टाकीपासून लांब ठेवा, आणि का ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. विशेषतः ज्याला त्या झिंग्यांचा लळा लागला असेल, त्याला.