सिंगापुरात मी दादाला निवडणुकीला उभं केलं

सिंगापूरला जायचं ठरलं ते वहिनीच्या एका फोनवरून. "मंजू, एकदा ये आणि दादाशी बोल," ती म्हणाली. काय बोलायचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, दादाला माझी आठवण येत असेल. स्वतःबद्दल माझे असे बरेच समज आहेत.

त्यातला सगळ्यात जुना समज म्हणजे मला निवडणुका कळतात. पुण्यात मी एका सर्वेक्षण कंपनीत आहे. बिस्किटं, टूथपेस्ट वगैरे लोकांना कशी वाटतात ते विचारणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. फावल्या वेळात अमेरिकेतली जनता राष्ट्राध्यक्षांवर खूश आहे की नाराज, याच्या पाहण्या वाचते आणि पुढची निवडणूक कोण जिंकणार ते सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करते. कोणी विचारलेलं नसतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मुंबईहून थेट विमान आहे. व्हिसा आधी काढावा लागतो, आणि निघण्यापूर्वी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, त्यामुळे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, आपलं बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं, फक्त परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. मी घेतले नव्हते. गेटवर माझ्यामागे रांग लागली आणि दादाने त्याच्याजवळचं जास्तीचं कार्ड दिलं.

दादा राहतो बुकित पंजांगला. तिथल्या एलआरटीत, म्हणजे मेट्रोच्या छोट्या भावंडात, बसलं की मजा येते. गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते आणि तेवढ्यापुरत्या तिच्या काचा आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. मी मान वाकडी करून डोकावायचा प्रयत्न केलाच.

दादा, म्हणजे सुधीर, इथे बरीच वर्षं आयटीत आहे. पश्चिमेकडच्या मराठी कुटुंबांचं एक लहानसं मंडळ आहे, त्याचा तो अध्यक्ष. गणपतीचं डेकोरेशन, दिवाळीचा फराळ, नव्याने आलेल्याला फ्लॅट शोधून देणं, सगळं तोच करतो. पहिल्याच दिवशी जेवताना तो म्हणाला, "रविवारी मंडळाची निवडणूक आहे. मीनल म्हणते, यंदा उभा राहू नकोस."

मीनलवहिनीने माझ्याकडे पाहिलं. आता मला कळतं की ते माझ्या बोलण्याची वाट बघणं होतं. मी म्हणाले, "असं मनाने कशाला ठरवायचं? लोकांना विचारू या की."

दुसऱ्या दिवशी मंडळाची मंडळी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडईत, नाश्त्याला जमणार होती. ही जागा चुकवू नका. चार-पाच डॉलरमध्ये पोट भरतं, कोपी म्हणजे तिथली दाट कॉफी आणि नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट घ्याच. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली असते. मी ते पाकीट उचलून हात पुसले आणि एका आजीबाईंची बोलणी खाल्ली.

मग मी कामाला लागले. हातात कोपी घेऊन एकेकाला गाठलं आणि विचारलं, "अध्यक्ष म्हणून सुधीरदादाचं काम कसं वाटतं?" सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं. वैशाली कांबळे नोव्हेनाला एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. अध्यक्षपदासाठी तिचंही नाव पुढे आलं होतं. ती म्हणाली, "मी इथे आले तेव्हा माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. सुधीरदादा एअरपोर्टवर घ्यायला आले होते. त्यांच्यासारखं काम कोणी करत नाही." घरी आल्यावर मी भाचीला विचारलं. मोबाईलवरून मान वर न करता ती म्हणाली, "बाबा ओके ला." हे शेवटचं 'ला' इथले लोक प्रत्येक वाक्याला लावतात. वहिनीलाही विचारलं. ती कणीक मळत होती. "उत्तमच करतो तो," ती म्हणाली. मी हेही मत दादाच्या बाजूने धरलं.

दादाला मी छोटंसं भाषणच दिलं. अमेरिकेत ज्या राष्ट्राध्यक्षावर लोक खूश असतात तो सहसा परत निवडून येतो, नाराज असतात तो अडचणीत येतो, आणि तुझ्यावर तर सगळेच खूश आहेत. प्रचाराचीही गरज नाही. दादाचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्याने तिथल्या तिथे ग्रुपवर लिहून टाकलं की मी उभा आहे.

शुक्रवारी वहिनी म्हणाली, "चल, नोव्हेनाला जाऊन येऊ." मला वाटलं खरेदी. डाउनटाउन लाइनने न्यूटनला उतरायचं, गाडी बदलायची, पुढचंच स्टेशन. बाहेर पडलो तर समोर हॉस्पिटल आणि दारात दादा उभा. ऑफिसमधून परस्पर आला होता. मला बघून तो वरमला.

तो आत गेल्यावर वहिनी बोलली. काही महिन्यांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं होतं, स्टेंट घातला होता. आईला काळजी नको म्हणून पुण्यात कळवायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. डॉक्टरांनी रोज चालायला आणि दगदग कमी करायला सांगितलं होतं. "नोकरी सोडता येत नाही, इथे राहायचा पास तिच्यावरच आहे," ती म्हणाली. "कमी करण्यासारखं एक मंडळच होतं. तो जवळजवळ तयार झाला होता गं."

मी परतीच्या गाडीत दादाला म्हणाले, "माघार घेतोस का?"

"तूच म्हणालीस ना, सगळ्यांना मी हवाय?" तो म्हणाला. खिडकीकडे बघत हसत होता. हॉस्पिटलमधून निघालेला माणूस इतका खूश मी पाहिला नव्हता, आणि त्याची ती खुशी माझीच करामत होती.

रविवारी जुरोंग ईस्टला एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये मतदान झालं. बुकित पंजांगहून एलआरटीने चोआ चू कांग आणि तिथून लाल लाइन. वैशालीने उभं राहून मोजकंच सांगितलं. दर शनिवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग, आणि कामं एकट्या अध्यक्षाने न करता सगळ्यांत वाटून घ्यायची. दादा नुसता हात जोडून बसला. प्रचाराची गरज नाही, असं तज्ज्ञांचं मत होतं.

चिठ्ठ्या मोजल्या. दादा थोडक्या मतांनी हरला. त्याने टाळ्या वाजवल्या, वैशालीचं अभिनंदन केलं, खुर्च्याही उचलू लागला. वहिनीने त्याच्या हातातली खुर्ची काढून घेतली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "एवढे सगळे चांगलं बोलत होते. मग मत कोणी नाही दिलं?"

"मी नाही दिलं," वहिनी म्हणाली.

"तू तर मंजूला म्हणालीस, उत्तम करतो," दादा म्हणाला.

"करतोसच. तिने काम कसं आहे ते विचारलं. तू ते पुढे करावंस का, हे कुठे विचारलं?" मग ती त्याच्यासमोर येऊन बसली. "मला तू हवा आहेस, सुधीर. अध्यक्ष कोणीही चालेल."

दादा उठून बाल्कनीत गेला. दोन दिवस तो आमच्याशी कामापुरतंच बोलला. मला माझ्या व्यवसायावर चिंतन करायला भरपूर वेळ मिळाला. पसंती एकट्या माणसाबद्दल विचारतात, मत दोघांतून एकाला द्यायचं असतं. खूश असलेलेही बदल मागू शकतात, खूश असलेले मतदानाला येतीलच असं नाही, आणि उमेदवाराच्या बहिणीने कोपी पीत विचारलं तर वाईट कोण बोलणार? राष्ट्राध्यक्षांच्या पाहण्या हवा कुठली आहे ते सांगतात. समोर कोण उभं आहे आणि लोकांना पुढे काय हवंय, ते त्यात नसतं. हे सगळं मी नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये शिकवते. स्लाइड माझ्याच आहेत.

माझ्या निघण्याच्या दिवशी सकाळी वैशाली घरी आली. दादाला म्हणाली, "सुधीरदादा, शनिवारच्या वर्गाला याल का? आयोजन आम्ही करू. तुम्ही फक्त बसून मुलांना गोष्टी सांगायच्या."

दादाने वहिनीकडे पाहिलं. "बसून सांगणार असेल तर जाऊ दे," ती म्हणाली.

चांगी विमानतळावर निरोप देताना दादाने विचारलं, "तू इथे राहत असतीस तर मत कोणाला दिलं असतंस?"

"तुला," मी लगेच म्हणाले.

तो मोठ्याने हसला. "समोर उभं राहून विचारलं की सगळे असंच सांगतात."

पुण्यात आल्यावर लोक विचारतात, सिंगापुरात काय पाहिलंस. बागा आणि उंच इमारती सांगते, त्या खरंच सुंदर आहेत. पण मनात राहिला तो दादाचा परतीच्या गाडीतला चेहरा. माणसाला आपण हवे आहोत असं वाटणं किती लागतं, ते मला इतक्या वर्षांच्या प्रश्नावल्यांतून कळलं नव्हतं. आईला सगळं सांगायला मी दादाला भाग पाडलं. ती चिडली, रडली आणि आता रोज फोन करते.

काल सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं की अमेरिकेत पुढच्या वेळी कोण येणार. या वेळी चक्क विचारलं होतं. मी लिहिलं, "माहीत नाही." त्यावर अकरा जणांचे अंगठे आले. माझ्या कुठल्याही भाकिताला इतकी पसंती मिळाली नव्हती.

मग ग्रुप बंद केला आणि दादाला फोन लावला. "तब्येत कशी आहे?" असं विचारणार होते. ते बदलून म्हणाले, "आज किती चाललास?"

"आज नाही गेलो," तो म्हणाला. "आत्ता निघतो."